दोन काळ्या दगडांमधलं तळं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, एका खदानीत शंखांचे दगड सापडले, गावातली पोरं ते हातात घेऊन फोटो काढतायत, आणि शेवटच्या ओळीत होतं की कार्बन डेटिंग करून त्यांचं वय ठरवलं जाईल. बातमी छापलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण आमच्याकडच्या या दगडांबद्दल पेपरात सहसा काही येत नाही. पण ती शेवटची ओळ काही डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांब होईल, कापायचं असेल तर कापा, पण खदानीबद्दलचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

कार्बन डेटिंग फार तर ५० हजार वर्षांपर्यंत चालतं. त्याच्या मागे गेलं की कार्बन-१४ मोजण्याइतका उरतच नाही. आणि आपल्या विदर्भातले हे शंख साडेसहा कोटी वर्षांच्या घरातले आहेत, शिवाय मूळ कवच बहुतेक वेळा कधीच विरघळून गेलेलं असतं आणि त्याच्या जागी गारगोटीसारखी सिलिका बसलेली असते. त्यामुळे त्या शंखाला कार्बन विचारून काही उपयोग नाही. मग वय कळतं कसं? तर ते शंखात शोधायचंच नसतं, शंखाच्या वर आणि खाली जो काळा दगड असतो त्यात शोधायचं असतं, आणि त्या दगडाने चुंबकाची जी दिशा धरून ठेवलेली असते ती वाचायची असते. हे एकदा नीट कळलं की खदान बुजवताना नेमकं काय जातं तेही कळतं.

मी भूजल खात्यात बोअरच्या गाडीवर नोकरी केली, जवळजवळ तीस वर्षं. प्रत्येक बोअरला किती फुटांवर काय लागलं ते वहीत लिहायचं असतं, आणि आमच्या वह्या म्हणजे तेच तेच, काळा पाषाण, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा नरम दगड, मग गेरूसारखा लाल पट्टा, परत काळा पाषाण. पण मधेच कुठेतरी फूट-दोन फूट, कधी दोन-चार मीटर, पांढरट हिरवट चिकण माती नाहीतर चकमकीसारखा कडक थर यायचा आणि त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण चालू. सुरुवातीला मला वाटायचं नोंदीतच काही चूक झाली, दगडाखाली माती कशी येईल. विहिरी खोदणारे एक वडार समाजातले वयस्क मिस्त्री होते, त्यांनी त्या मातीचं ढेकूळ हातात घेऊन नखाने पापुद्रे सोडवून दाखवले आणि म्हणाले, साहेब, ही बसलेली माती आहे, इथं कधीतरी पाणी उभं होतं. भूगर्भशास्त्राचं पुस्तक मी त्याच्या बऱ्याच नंतर उघडलं, आणि त्यात तेच लिहिलं होतं.

दख्खनचा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक थर पसरला, थंड झाला, मग कधी शेकडो तर कधी हजारो वर्षं काहीच नाही. तेवढ्यात खोलगट जागी पावसाचं पाणी साचलं, तळी झाली, त्यात गोगलगायी, मासे, काठाला ताडामाडासारखी झाडं, आणि मग पुढचा लाव्हा आला तो सगळं झाकून गेला. या मधल्या गाळाला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. नागपूर हे दख्खनच्या लाव्ह्याच्या अगदी पूर्व काठावर आहे, इथे लाव्हा सह्याद्रीसारखा जाड नाही म्हणून हे थर हाताला लागतात. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूरजवळच्या टाकळीला आणि आसपास हे शंख, बिया, फळं, माशांचे खवले, किड्यांच्या पंखांवरची कवचं गोळा केली आणि १८५५ साली लंडनच्या नियतकालिकात छापलं. हिस्लॉप कॉलेजच्या पोरांना सुद्धा हे फारसं माहीत नसतं, वाईट वाटतं. मुंबईतही आहेत हे थर, वरळीच्या टेकडीतले दगड झालेले बेडूक १८४७ साली रिचर्ड ओवेनने लिहून ठेवलेत.

आता वयाचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. बिरबल साहनी, वनस्पतींच्या जीवाश्मांवर आयुष्य घालवलेला माणूस, त्यांनी १९३४ साली करंट सायन्स या नियतकालिकात हाच प्रश्न मांडला की दख्खनचा ट्रॅप, म्हणजे हाच लाव्ह्याचा काळा दगड, डायनोसॉरच्या काळातला की त्याच्या नंतरचा, आणि झाडांवरून त्यांचं मत नंतरचा असं पडलं. दुसरीकडे याच थरांमध्ये नंतर डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे निघाले. म्हणजे झाडं एक सांगतात आणि हाडं दुसरं. जीवाश्मांवरून भांडण मिटेना. ते मिटवायला लागला दगडच.

हे कसं चालतं ते माझ्या भाषेत सांगतो. नदीच्या वाळूत चुंबक फिरवला की काळी पूड चिकटून येते, शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. ती पूड म्हणजे मॅग्नेटाइट, आणि ती आपल्या काळ्या दगडातूनच झिजून आलेली असते. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा हजार अंशाच्या वर तापलेला असतो, तेव्हा त्या कणांना कुठलीच दिशा नसते. थंड होत होत साधारण ५८० अंशाच्या खाली आला, आपल्याकडच्या दगडात टायटॅनियम असल्याने कधी त्याहून बराच खाली, की त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकत्व जिकडे तोंड करून असेल तीच दिशा ते कण पकडतात आणि मग सोडत नाहीत. दगड तिथेच राहिला तर साडेसहा कोटी वर्षं सुद्धा सोडत नाहीत.

आणि पृथ्वीचं चुंबकत्व काही कायम एकाच बाजूला तोंड करून नसतं, ते मधून मधून उलटतं, आजची उत्तर दाखवणारी सुई दक्षिण दाखवायला लागते. हे पहिल्यांदा कळलं तेही लाव्ह्याखालच्या भाजलेल्या मातीतूनच. फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रुन यांनी १९०६ मध्ये लिहिलं की एका लाव्ह्याची दिशा आजच्या बरोब्बर उलटी आहे आणि त्या लाव्ह्याने खालची जी चिकण माती भाजून काढली तिचीही उलटीच आहे, म्हणजे दगडाचा स्वभाव वेगळा म्हणून असं झालं हे म्हणायला जागा नाही, कारण माती आणि दगड दोन वेगळ्या वस्तू एकच साक्ष देतायत. मला हा पुरावा फार आवडतो. आपल्या विहिरीत पण तो दिसतो, वरच्या पाषाणाला टेकलेली माती विटेसारखी लाल कडक झालेली असते. मग १९२९ मध्ये जपानच्या मोटोनोरी मातुयामांनी दाखवलं की उलटे दगड कसेही विखुरलेले नाहीत, ते ठराविक काळातले आहेत. शेवटची उलटापालट झाली ७ लाख ८० हजार वर्षांच्या आसपास, तिला या दोघांचंच नाव आहे. त्याच्या मागे अशा उलट्या-सुलट्या काळांची, म्हणजे पट्ट्यांची, लांबच लांब रांग आहे, कुठला पट्टा रुंद कुठला अरुंद, कुठलाच नेम नाही, आणि नेम नाही म्हणूनच तो ओळखता येतो. तालावर नियमित वाजलं असतं तर कितवा ठोका चाललाय ते कळलंच नसतं.

समुद्राच्या तळावर हेच पट्टे आहेत हे १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी ज्या मोजणीवरून सांगितलं ती मोजणी हिंदी महासागराच्या तळाशी असलेल्या कार्ल्सबर्ग रिज या डोंगररांगेवरची, म्हणजे आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडचीच. पट्ट्यांचे नंबर आजपासून मागे मोजत जातात. एकोणतिसावा जो उलटा पट्टा आहे त्याला २९-आर म्हणतात, आर म्हणजे रिव्हर्स, उलटा, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, साधारण सहा-सात लाख वर्षं टिकलेला. डायनोसॉर संपले ते याच पट्ट्यात.

आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांनी या कामात सुरुवातीपासून हात घातलेला आहे, हे सांगायला मला खरंच अभिमान वाटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आणि डॉइश यांनी दख्खनच्या ट्रॅपच्या चुंबकत्वावर १९५९ मध्ये पेपर छापला, कार्ल्सबर्ग रिजच्या चार वर्षं आधी. दिसलं असं की सह्याद्रीतला खालचा मोठा ढीग उलटा आणि वरचे थर सुलटे. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळीचा घाट उतरता ना, त्या कड्यात ही उलटापालट आहे, वर सुलटा दगड आणि खाली उतरत गेलं की उलटा. शाळेची ट्रिप तिथे वर्षाला किती जाते, पण पोरांना फक्त पॉइंट आणि स्ट्रॉबेरी दाखवतात. पुढे १९८६ मध्ये फ्रान्सच्या कूर्तिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकत्व, आर्गॉनवरची वयं (दगडात पोटॅशियमपासून सावकाश साचत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून काढलेली) आणि इंटरट्रॅपियनमधले जीवाश्म तिन्ही एकत्र ठेवून सांगितलं की लाव्ह्याचा मुख्य भाग २९-आर मध्ये बसतो, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच्या अलीकडे-पलीकडे. साहनींच्या प्रश्नाचं उत्तर निघालं ते असं, की सगळा आधीचाही नाही आणि सगळा नंतरचाही नाही, सीमारेषा या लाव्ह्याच्या पोटातच आहे.

अजून एक गोष्ट त्या दिशेतच लिहिलेली आहे. सुई नुसती उत्तर-दक्षिण नसते, ती जमिनीकडे किती झुकते तेही असतं, आणि तो झुकाव तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब आहात त्यावर ठरतो. दख्खनच्या उलट्या दगडातली सुई दक्षिणेकडे थोडी पूर्वेला वळून खाली झुकलेली आहे, ४५ अंशांच्या आसपास. त्याचा हिशोब केला की आपली जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण गोलार्धात ३० अंशांच्या जवळपास होती असं निघतं. टाकळीचं तळं जेव्हा तळं होतं तेव्हा ते आजच्या जागेपासून पाचेक हजार किलोमीटर दक्षिणेला होतं. हे सगळं एका खडकाच्या सुईवरून, विचार करा.

आता तळ्याच्या गाळाचं. गाळ जाड असेल आणि लाखो वर्षं सलग साचलेला असेल तर त्याच्या स्वतःच्या अंगावरच हे पट्टे उमटतात, कारण पाण्यात सावकाश खाली जाणारे मॅग्नेटाइटचे बारीक कण तळाशी बसताना सुईसारखे वळून बसतात आणि वरून माती दाबली गेली की तसेच पक्के होतात. याचं आपल्या देशातलं सगळ्यात चांगलं उदाहरण काश्मीरचे करेवा. पांपोरला केशर होतं ती जमीन. तिथे पीर पंजाल उचलला गेल्याने पाणी अडून एक प्रचंड तळं झालेलं, त्याचा हजार मीटरपेक्षा जाड गाळ आहे. बरबँक आणि जॉन्सन यांनी १९८२ मध्ये चुंबकाच्या पट्ट्यांवरून दाखवलं की तो गाळ सुमारे ४० लाख वर्षांपूर्वीपासून साचतोय, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या डी. पी. अगरवाल यांच्या लोकांनी तिथे खूप वर्षं काम केलं. पण पट्टे नुसते मोजून चालत नाही, कुठला पट्टा कितवा हे सांगायला एक तरी खुंटी लागते. करेवांमध्ये ती खुंटी म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा एक पातळ थर, त्याचं वय वेगळ्या पद्धतीने २४ लाख वर्षं निघालं, मग वरचे खालचे पट्टे आपोआप नंबरात बसले.

आपल्या इंटरट्रॅपियन तळ्यांचं तसं नाही. ती बिचारी मीटर-दोन मीटरची, त्यांच्या अंगावर पट्ट्यांची रांग मावणार कुठे, आणि वरून लाव्हा पडल्यामुळे गाळाचं स्वतःचं चुंबकत्व पुष्कळदा पुसून वरच्या लाव्ह्याचंच छापलेलं असतं. म्हणून इथे वय काढायची रीत वेगळी. खालचा दगड वाचायचा, वरचा दगड वाचायचा, आणि तळं त्या दोघांच्या मधलं. आर्गॉनने दगडाचं वय कळलं की ती खुंटी झाली. खालचा उलटा आणि वरचाही उलटा आणि वय ६ कोटी ६० लाखाच्या आसपास, म्हणजे तळं २९-आर मधलं. खालचा उलटा आणि वरचा सुलटा, तर त्याहून भारी, म्हणजे उलटापालट झाली ती त्या तळ्याच्या आयुष्यातच किंवा त्याला अगदी खेटून. आंध्रात राजमहेंद्रीजवळ नेमकं असं सापडलंय, तिथल्या खदानींमध्ये खालचा लाव्हा उलटा, वरचा सुलटा आणि मधे गाळ. तो गाळ तळ्याचा नाही, खाडीचा-समुद्रकाठचा आहे, पण हिशोब तोच, आणि शिवाय तिथला लाव्हा महाबळेश्वर-आंबेनळीच्या लाव्ह्याशी रसायनानेही जुळतो, म्हणजे तो इकडून तिकडे हजारेक किलोमीटर वाहत गेला असावा असं शास्त्रज्ञ म्हणतात. कच्छमध्ये अंजारला तर तळ्याच्या गाळात इरिडियमचे थर निघाले (उल्कांमध्ये जास्त असणारा हा धातू डायनोसॉर संपले त्या काळाची खूण मानतात), आणि ते नेमके कुठल्या काळातले हे ठरवायला पुन्हा वरखालच्या लाव्ह्याचं चुंबकत्व आणि आर्गॉन हेच काढावं लागलं.

म्हणजे शंख सांभाळून ठेवला आणि वरखालचा पाषाण गेला, तर तळं राहतं पण त्याची तारीख जाते.

आता खदानीकडे येतो. गिट्टी लागते हे मला मान्य आहे, मी राहतो त्या घराच्या स्लॅबमध्येही तीच आहे, आणि नागपूरच्या एका वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे. शिवाय खदान होते म्हणूनच आतला ताजा दगड बघायला मिळतो, उघड्यावरचा वरचा दगड या कामाला चालत नाही, टेकडीच्या माथ्यावर वीज पडते आणि विजेच्या झटक्याने दगडाचं जुनं चुंबकत्व पुसलं जातं. तेव्हा खदानवाल्यांशी माझं भांडण नाही. पण सुरुंग लावला की काय होतं बघा. फुटलेल्या गिट्टीच्या प्रत्येक खड्यात ती जुनी दिशा अजून तशीच असते, चुंबकत्व कुठे गेलेलं नसतं. पण तो खडा मूळ जागी कसा बसलेला होता, त्याची वरची बाजू कुठली, उत्तरेची कुठली, हे गेलं. आणि दिशा ही गोष्टच अशी आहे की कशाच्या मानाने हे माहीत नसेल तर ती दिशाच नव्हे. तो खडा जगातल्या सगळ्यात भारी मशीनमध्ये घातला तरी तो उलट्या काळातला की सुलट्या काळातला हे आता कोणीही सांगू शकत नाही.

हे मी स्वतः बघितलंय. नव्वदच्या दशकात आमच्या भागात एका खदानीत असं तळं उघडं पडलं होतं, खाली पाषाण, मधे हातभर पांढरी माती आणि त्यावर शंखांनी भरलेला चकमकीचा थर, वर परत पाषाण. एका संशोधन संस्थेतली तीन-चार माणसं आली होती आणि साईट माहीत म्हणून मला बरोबर पाठवलं होतं. त्यांच्याकडे झाडं कापायच्या करवतीला असतं तसं पेट्रोलचं मोटार, त्याला पोकळ हिऱ्याचा बिट, दगडात घुसताना पाणी सतत लागतं म्हणून शेतात फवारणीला वापरतो तो पंप. तो पंप दोन दिवस मी मारला. अंगठ्याएवढी जाड, अडीच सेंटिमीटरची कांडी कापली जायची, पण ती लगेच काढायची नाही. आधी तिच्यावर पितळेच्या नळीतून रेघ ओढायची, ती किती अंशात तिरकी आहे ते मोजायचं, मग दिशा घ्यायची, आणि दिशाही नुसत्या होकायंत्राने नाही कारण पाषाण स्वतःच सुईला ओढतो, म्हणून उन्हात काठीची सावली कुठे पडली आणि घड्याळात किती वाजले ते लिहून सूर्यावरून उत्तर काढायची. ढग आला की काम बंद, सगळे सावलीची वाट बघत बसायचे. इतकं सगळं एका कांडीसाठी. (अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट त्यांनीच सांगितली तेव्हा, की मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हणून कुलाब्याची मोजणी १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, इतकं नाजूक प्रकरण असतं हे.)

प्रयोगशाळेत त्या कांड्या पृथ्वीचं चुंबकत्व पोचणार नाही अशा बंदिस्त जागेत ठेवून थोडं थोडं तापवतात, १०० अंश, २००, ३०० असं वर, प्रत्येक पायरीला थंड करून पुन्हा मोजतात. कमी तापमानाला आधी नवं चुंबकत्व निघून जातं, आजच्या पृथ्वीचं जे वरवर चिकटलेलं असतं ते, आणि शेवटी उरतं ते मूळचं. आमच्या खदानीतल्या वरच्या पाषाणाचं नीट निघालं म्हणे, पण खालच्या पाषाणाच्या कांड्या गोंधळाच्या निघाल्या, झिजलेला भाग लागला होता, तर परत येऊन जरा बाजूला पाच-सहा कांड्या घ्यायच्या असं ठरलं. ते परत आले चार वर्षांनी. तोवर खदान बुजवून सपाट केली होती आणि चुन्याने प्लॉटच्या रेघा मारल्या होत्या. मीच त्यांना जागेवर घेऊन गेलो होतो. त्यांच्यातल्या एक बाई, वयाने मोठ्या, बराच वेळ त्या मुरमावर उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. शंखांचे दगड एका शाळेच्या कपाटात आहेत अजून, छान आहेत, पण त्या तळ्याची तारीख अर्धीच राहिली ती कायमचीच. कोणी नियम मोडला असं मी म्हणत नाही. कोणाला माहीतच नव्हतं की भिंत म्हणजे पुरावा आहे.

शंख दिसले की लोक जपतात, हाडं दिसली की पोलीस सुद्धा येतात, काळ्या दगडाला मात्र कोण विचारतं, तो तर महाराष्ट्रभर आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात घुघुवाला याच काळातल्या झाडांच्या जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान केलंय, चांगलं केलंय. आपल्या गडचिरोलीत वडधमला जीवाश्म उद्यान आहे, ते याहून पुष्कळ जुन्या काळातलं. पण तळं, वरचा लाव्हा आणि खालचा लाव्हा असा सगळा उभा छेद म्हणून राखून ठेवलेली एक तरी भिंत नागपूर भागात असावी असं मला मनापासून वाटतं. काश्मीरमध्ये सुद्धा करेवांची माती रस्त्याच्या आणि रेल्वेच्या भरावाला गेली, तिथल्या लोकांनी ओरड केली. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा काढला होता, त्याचं काय ते पुढे लवकर व्हावं, पण आमच्या तालुक्यातल्या खदानीला तेवढी वाट बघत बसायची गरज नाही.

काय करता येईल ते सांगतो, खर्च फार नाही. खदान बंद करून बुजवायच्या आधी, मधे मातीचा थर दिसत असेल तर, तहसीलला जसं कळवतात तसं एक पत्र विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर ऑफिसला गेलं पाहिजे. पंधरा-वीस मीटर लांबीची एक बाजू, वरच्या पाषाणापासून खालच्या पाषाणापर्यंत, फोडायची नाही, तिथे तार कुंपण आणि एक पाटी. आणि ज्या पोरांना शंख सापडतात त्यांना शाळेत एवढंच शिकवा की दगड सोडवायच्या आधी त्याच्यावर पाणसळ लावून एक आडवी रेघ मारा, वरच्या बाजूला खूण करा, मोबाईलमधल्या होकायंत्राने नाही तर सकाळी सूर्य कुठे आहे ते बघून उत्तरेचा बाण काढा, वेळ लिहा, आणि मोबाईलने जागेवरचाच फोटो घ्या. त्या बाणाशिवाय आणलेला पाषाणाचा तुकडा फक्त शोकेसमध्ये ठेवता येतो. बाण असेल तर तो उद्या कुठल्याही प्रयोगशाळेत बोलू शकतो, पन्नास वर्षांनी सुद्धा, तेव्हा मशीन आजच्याहून चांगली असतील.

पुणे जिल्ह्यातलं बोरी घ्या, कुकडी नदीकाठचं. तिथे ज्वालामुखीची राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारं एकत्र सापडतात, डेक्कन कॉलेजच्या लोकांनी किती वर्षं तिथे घालवली. राखेचं वय कोणी ७४ हजार म्हणतं, कोणी साडेसहा-सात लाख, कोणी १४ लाख. एवढा फरक! तिथेही गाळाचं चुंबकत्व मोजून बघितलं जातं ते याचसाठी, की राखेखालची माती उलटी निघाली तर ती ७ लाख ८० हजाराच्या अलीकडची असूच शकत नाही, एवढं तरी पक्कं होतं. पण मोजायला ती माती जागेवर, न हललेली असली पाहिजे. बोरीबद्दल माझं मत काही नाही, मी तिथे एकदाच गेलोय, पण भांडण चालू आहे तोवर काठ जपला पाहिजे एवढं कोणालाही पटेल.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी अशी बातमी आली की वार्ताहराला फक्त दोन गोष्टी विचारायला सांगा, वरचा दगड अजून जागेवर आहे का आणि खालचा दगड अजून जागेवर आहे का. त्या बातमीतली खदान मी जाऊन बघितली. वरचा पाषाण अखंड आहे, मातीचा थर चांगला दोन हात आहे, खालच्या पाषाणापर्यंत मात्र सध्या पाणी भरलंय. होळीच्या सुमारास पाणी उतरतं असं तिथला चौकीदार म्हणाला, आणि मालक ती पुढच्या पावसाळ्याआधी बुजवायला देणार आहेत असंही म्हणाला. मालकांना भेटलो, त्यांनी ऐकून घेतलं, नाही म्हणाले नाहीत. कुठल्या कॉलेजला किंवा संस्थेला यायचं असेल तर पेपरमार्फत मला कळवा, होळी ते गुढीपाडवा एवढाच वेळ आहे, मी जागा दाखवायला येतो आणि येताना फवारणीचा पंप आणतो.

आपला,
भूजल खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
नागपूर